पाच गोल आणि एक फेटा

आपला संघ हरताना बघायचा असेल, तर माणसानं तो घरात बसून बघावा. भिंतीला पाठ टेकून, शेंगा फोडत, मध्येच उठून म्हशीला पाणी दाखवत. पराभव सगळीकडून सारखाच दिसतो, त्याला पासपोर्ट लागत नाही. एवढं शहाणपण आमच्या सारोळ्यात शाळकरी पोरांनाही उपजत असतं. मला ते विकत घ्यावं लागलं, आणि तेही रियालमध्ये. जानेवारी २०२४ मध्ये एका रियालला जवळजवळ २३ रुपये पडत होते.

परमुलखात जाऊन सामना बघणं आम्हाला तसं नवं नाही. सारोळं पुणे जिल्ह्याच्या टोकावर. इथं भोर तालुका संपतो, नीरा आडवी येते आणि पूल ओलांडला की शिरवळ, म्हणजे सातारा जिल्हा. टेनिस बॉलच्या स्पर्धेला आम्ही पुलापलीकडं गेलो की पंच त्यांचा, गुण लिहिणारा त्यांचा आणि माइकवरचा समालोचक तर त्यांचाच. त्यांच्या फलंदाजानं एक धाव काढली तरी हा गडी त्याच्या आज्यापासूनचा इतिहास सांगतो. आमचा षटकार पार नदीकडं गेला तरी ‘चेंडू शोधायला कुणीतरी जा रे’ एवढंच म्हणतो. हरून परत येताना आम्ही पुलाच्या मध्यापर्यंत गप्प असतो. तिथून पुणे जिल्हा लागतो, मग सगळे मोठ्यानं बोलायला लागतात.

माझी थोरली बहीण, आमची आक्का, त्याच शिरवळला दिलेली. त्यामुळं दाजी हे माझे रीतसर प्रतिस्पर्धी. आम्ही दोघांनी एकाच संघासाठी कधी टाळी वाजवली नव्हती. क्रिकेट असो, ग्रामपंचायत असो की लग्नातली जेवणाची पंगत, दाजी कायम समोरच्या बाजूला. पण त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, कतारमध्ये दोह्याला एसी बसवण्याच्या कामावर आहे. एके दिवशी त्याचा फोन आला.

“मामा, जानेवारीत इथं एशियन कप आहे. भारत पण खेळतोय. बाबांना घेऊन या. राहायला माझी खोली आहे.”

मी १९८६ साली शेजाऱ्यांच्या टीव्हीवर मॅराडोना बघितला आणि कामातून गेलो. कोल्हापुरात जन्मलो असतो तर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा असल्या तालमींचे सामने शाहू स्टेडियमवर बघत सुखानं म्हातारा झालो असतो. सारोळ्यात फुटबॉल म्हणजे रस्त्यावर आलेला क्रिकेटचा चेंडू वाकायचा कंटाळा म्हणून पायानं परत करणं. त्यामुळं मी निघालोय ही बातमी फुटली तेव्हा हायवेच्या कडेच्या चहाच्या टपरीवर माझी रीतसर उलटतपासणी झाली.

“वर्ल्ड कप तर कधीच झाला की. मेस्सी जिंकला.”

“हा आशियाचा आहे.”

“मग आपला काय संबंध?”

“आपण आशियातच राहतो.”

“ते राहतो हो. पण फुटबॉलात?”

मग मला आवरेना. मी सांगितलं की १९५१ आणि १९६२ च्या एशियाडमध्ये फुटबॉलचं सुवर्णपदक आपलं होतं. १९६४ च्या आशिया चषकात आपण उपविजेते होतो. आणि आपला पहिला सामना ज्या ऑस्ट्रेलियाशी आहे, त्या ऑस्ट्रेलियाला आपण १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये मेलबर्नला, त्यांच्याच घरात, ४-२ नं हाणलंय. मुंबईच्या नेव्हिल डिसूझांनी हॅट्ट्रिक केली होती, ऑलिंपिक फुटबॉलमधली आशियाई खेळाडूची पहिली हॅट्ट्रिक. टपरीवर शांतता पसरली. दाजी शिरवळहून मुद्दाम ऐकायला आले होते.

“मग हे डिसूझा ह्या खेपेला आहेत का?”

“दाजी, ते वारले.”

“मग कशाला जायचं?”

या प्रश्नाचं उत्तर आजतागायत माझ्याकडं नाही. जागतिक क्रमवारीत तेव्हा ऑस्ट्रेलिया २५ वा होता आणि आपण १०२ वे. हे मी टपरीवर सांगितलं नाही.

परदेशी जायचं ठरलं की गाव दोन गोष्टी देतं, सल्ला आणि यादी. खेड शिवापूरच्या टोलनाक्यापलीकडं वर्षातून एकदा जाणारी माणसं मला दोह्यात कुठं उतरायचं, काय खायचं आणि कुणावर विश्वास ठेवायचा नाही हे सांगून गेली. यादीत खजूर होते, अत्तर होतं, केशर होतं. एकानं ‘थोडंसं सोनं’ असं भाजीसोबत कोथिंबीर मागावी त्या आवाजात सांगितलं. सोसायटीच्या सचिवांच्या मुलाला मेस्सीचा टी-शर्ट हवा होता. मेस्सी आशियाचा नाही हे मी त्याला समजावलं. तो म्हणाला, “दुकानात तर असेल ना?”

सामना १३ जानेवारीला, भोगी १४ ला आणि संक्रांत १५ ला. हे आक्काच्या ध्यानात आलं आणि प्रवासाचा सारा उद्देशच बदलला. आता आम्ही भारताला पाठिंबा द्यायला चाललो नव्हतो, पोराला सणाचं पोचवायला चाललो होतो. तिळगूळ, तिळाच्या वड्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, इंद्रायणी तांदूळ आणि तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी. बॅग किराणा दुकानातल्या पोती मोजायच्या काट्यावर ठेवली. दुकानदार बघून म्हणाला, “एवढा माल कतारला चाललाय, तर पावती करू का?” वजन जास्त भरलं. माझे दोन सदरे काढले, तांदूळ राहिला.

फेट्याची कल्पना गावाची. “टीव्हीवर हजारो डोकी दिसणार, त्यात तुम्ही ओळखू कसे येणार?” हा मुद्दा बिनतोड होता. गावातल्या कुणालाही सामना बघायचा नव्हता, त्यांना आम्हाला सामना बघताना बघायचं होतं. भगवा फेटा आला. दाजींनी लगेच दुसरा मागितला. एकट्याला फेटा म्हणजे दुसऱ्याचा मान गेला. मग त्यांनाही आला, माझ्यापेक्षा हातभर लांब.

मुंबईपर्यंतचा प्रवास नेहमीचाच. दाजींनी टोलनाक्यावर हुज्जत घातली, विमानतळावर ट्रॉलीवरून हुज्जत घातली आणि विमानात खिडकीची जागा मागून घेऊन झोपून गेले. दोह्याला उतरल्यावर पासपोर्ट बघणाऱ्या अधिकाऱ्यानं विचारलं, कशासाठी आलात? मी म्हणालो, फुटबॉल. कोणता संघ? मी म्हणालो, इंडिया. त्यानं मान वर केली, माझ्याकडं बघितलं, पुन्हा पासपोर्टकडं बघितलं आणि पुढं एक शब्दही न विचारता शिक्का मारला. एखाद्याच्या घरी वाईट बातमी असल्यावर फार चौकशी करत नाहीत, ती रीत तिकडंही आहे.

दोह्याची मेट्रो विनाचालक आहे. दाजी पहिल्या डब्यात गेले, काचेला नाक लावून बोगद्यात बघितलं आणि परत आले. “पुढं कुणीच नाही,” ते हळूच म्हणाले. पुढची सगळी स्टेशनं त्यांनी दांडा सोडला नाही. मग रिकामी, ऐसपैस खुर्ची दिसली म्हणून बसले. ती गोल्ड क्लासची होती. तिकीट तपासणाऱ्या मुलीनं अत्यंत नम्रपणे त्यांना उठवलं. सामना सुरू व्हायच्या आधीच आमच्या बाजूचा एक गडी बाहेर गेला होता.

ग्रीन लाइनच्या शेवटच्या स्टेशनावर, अल रिफाला, उतरलं की अहमद बिन अली स्टेडियम. तिथं पोचल्यावर मला कळेना की परदेश कुठं आहे. जिकडंतिकडं निळे टी-शर्ट, ढोल, आपले झेंडे. कतारमध्ये लाखो भारतीय कामाला आहेत, त्या दिवशी पस्तीस हजारांवर प्रेक्षक जमले आणि त्यातले बहुतेक आपले. पाहुणे होते ते ऑस्ट्रेलियाचे. निळ्या गर्दीत बहुतेक सगळे मल्याळी. भारतीय संघामागं गावोगाव हिंडणारे ब्लू पिल्ग्रिम्स होते, केरळ ब्लास्टर्सचे मंजप्पडावालेही होते. आमचे फेटे बघून चौघं पुढं आले.

“पंजाब?”

“महाराष्ट्र.”

“ओ, मुंबई!”

“नाही. सारोळे.”

ते एकमेकांकडं बघायला लागले. मी म्हणालो, “पुणे.”

“ओ, पुणे! मुंबई!”

दाजी म्हणाले, “सोड. त्यांना नीरा नदीपासून सुरुवात करावी लागेल.”

दारावर तपासणी. खाण्याचं आत न्यायचं नाही हे भाच्यानं सांगितलं होतं, पण दाजींचं म्हणणं असं की चटणी हे खाणं नव्हे, ते तोंडीलावणं. पुडी निघाली. रक्षक नेपाळचा होता. त्यानं ती लाल पूड नाकाशी नेली, सटासट शिंकला आणि ओल्या डोळ्यांनी म्हणाला, “भाईसाब, ये अंदर किसी के आँख में गया तो?” पुडी तिथंच राहिली. मग यंत्र वाजलं. फेट्यातली टाचणी. फेटा सोडावा लागला. तो सोडत गेलो, सोडत गेलो, मागची रांग थांबली, कुणी मोबाईलवर चित्रण सुरू केलं. आणि सगळा सुटल्यावर ध्यानात आलं की तो बांधला सारोळ्यातल्या फेटेवाल्यानं होता, आम्हा दोघांनाही बांधता येत नाही. शेवटी त्या मल्याळी पोरांनीच काहीतरी गुंडाळून दिलं. त्यानंतर आम्ही कुठल्याच राज्याचे वाटत नव्हतो.

आत बसलो. भव्य मैदान, हिरवंगार गवत, राष्ट्रगीत. पस्तीस हजारांच्या त्या घशातून ‘जन गण मन’ निघालं तेव्हा दाजी आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एका सुरात होतो. म्हणजे दाजी अर्धी ओळ पुढं होते, पण दिशा एक होती. मग पडद्यावर खेळाडूंची नावं आली. गुरप्रीत, झिंगन, छेत्री, छांगटे. आणि राहुल भेके.

दाजी ताठ झाले. “भेके? म्हणजे आपला?”

“मुंबईचा आहे. २०२२ ला एशियन चॅम्पियन्स लीगमध्ये मुंबई सिटीनं इराकच्या क्लबला हरवलं, तेव्हा जिंकून देणारा गोल ह्याचाच.”

“ते असू दे. मूळ गाव कुठलं? भेक्यांकडं आपलं कुणी दिलंय का?”

पुढची पंधरा मिनिटं दाजी सामना बघत नव्हते, सोयरीक शोधत होते. छेत्रीचं हेडर गोलखांबाच्या बाजूनं गेलं, सगळं स्टेडियम डोक्याला हात लावून मट्कन बसलं, तेव्हा दाजी फोनवर आक्काला विचारत होते, “अगं, तुझ्या मावसजावेचं माहेरचं आडनाव काय?” त्यानंतर मात्र त्यांनी अकरा जणांतून एकच माणूस निवडला. चेंडू कुठंही असो, दाजी ओरडायचे, “भेके, धर! सोडू नको!” ही कबड्डीची आज्ञा आहे, पण बचावपटूला दिलेली असल्यामुळं अगदीच वाया गेली असं म्हणता येणार नाही.

आणखी एक गोष्ट दाजींना जड गेली. शिट्टी जपानच्या योशिमी यामाशिता यांच्या हातात होती. पुरुषांच्या आशिया चषकात पंच म्हणून उभ्या राहणाऱ्या त्या पहिल्या महिला, आणि तो पहिला सामना आमच्या नशिबात. पंचाची आई-बहीण काढल्याशिवाय दाजींना सामना पचत नाही. इथं ते उठले, मूठ वळली, तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते असं, “मॅडम! हात लागलाय, मॅडम! जरा बघता का?” खाली बसल्यावर म्हणाले, “खेळाची मजा गेली बघ.”

मध्यंतरापर्यंत ०-०. पंचविसाव्या क्रमांकाला आम्ही अडवून धरलं होतं. आनंदानं घसा कोरडा पडला आणि मी चहाला उठलो. रांग लांब होती. पुढच्या गड्याला सात जणांसाठी सात वेगवेगळे पदार्थ हवे होते. तेवढ्यात खेळ सुरू झाला आणि भिंतीपलीकडून एक आवाज आला. पस्तीस हजारांचा आवाज असा मध्येच चिरला की काहीतरी झालंय हे कळतं, पण काय ते कळत नाही. मैदान माझ्यापासून पन्नास पावलांवर. रांग सोडावी तर चहा गेला. मी सारोळ्याला फोन लावला.

“काय झालं रे?”

“कुठं काय?” टपरीवरून पोरगं म्हणालं. “आपल्याकडं बॉल आहे अजून.”

मोबाईलवरचं प्रक्षेपण अर्धा मिनिट मागं असतं. मी दोह्यात उभा राहून सारोळ्याला गोल पोचायची वाट बघत होतो.

“थांबा... क्रॉस आला... गुरप्रीतनं ढकलला... गेला! गेला हो काका, गेला! तुम्ही तिथं असून कसं काय गेला?”

पन्नासावं मिनिट, जॅक्सन अर्विन. चहा हातात आला तेव्हा तो थंड होता.

पहिला गोल हुकल्यामुळं मी ठरवलं की आता जागेवरून हलायचं नाही. पण दाजींनी विचारलं, “ते ऑफसाइड म्हणजे काय असतं रे?” माझ्यातला १९८६ सालापासूनचा दबलेला फुटबॉलवाला जागा झाला. इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी दाजींकडं तोंड केलं, गुडघ्यावर चार तिळाच्या वड्या मांडल्या (त्या खिशात असल्यामुळं वाचल्या होत्या), हा बचावपटू, हा आक्रमक, हा गोलरक्षक, असं समजावत गेलो. चौथ्या वडीपर्यंत आलो आणि आजूबाजूचे सगळे मट्कन खाली बसले. ७३ वं मिनिट, जॉर्डन बोस, नुकताच बदली म्हणून आलेला. मी मागं वळलो तेव्हा ते मिठ्या मारून परत निघाले होते. दाजींनी बचावपटू खाऊन टाकला होता.

“ऑफसाइड होता का हा?” त्यांनी विचारलं.

“मी बघितला नाही.”

“मग मला काय शिकवतोस?”

०-२. संक्रांत दोन दिवस आधीच येऊन गेली. बाहेर पडताना पिवळ्या टी-शर्टातलं एक ऑस्ट्रेलियन म्हातारं जोडपं भेटलं, अपराधी चेहऱ्यानं. दाजींनी खिशातून उरलेला तिळगूळ काढून त्यांच्या हातावर ठेवला. “घ्या, आणि गोड बोला,” मराठीतच. आजोबांनी खाल्ला, दुसरा मागितला. गोड बोलले की नाही ते आम्हाला कळलं नाही, पण बोलले बराच वेळ.

पुढचा सामना १८ तारखेला उझबेकिस्तानशी, त्याच मैदानावर. मधले दिवस आम्ही भाच्याच्या खोलीत काढले. त्याचे रूममेट केरळचे, बिहारचे, नेपाळचे. आक्काच्या भाकऱ्या पहिल्या रात्रीच संपल्या आणि चिवडा दुसऱ्या. सकाळी आम्ही त्याच्यासोबत खाली उतरून कडक दुधाचा ‘करक’ चहा प्यायचो. दाजी रोज म्हणायचे, “बरा आहे, पण आपल्या कापूरहोळच्या चहाची सर नाही,” आणि रोज दोन प्यायचे. सूक वाकिफ बाजारात ससाणे विकायला बसवलेले असतात, जवळच त्यांचा दवाखाना आहे. दाजींनी एका ससाण्याची किंमत विचारली, हिशेब केला आणि तेवढ्यात शिरवळला किती गुंठे येतील ते ससाण्यालाच सांगितलं.

परदेशी सामन्याला गेलेला समर्थक म्हणजे वऱ्हाडी. त्याला कुणी विचारून बोलावलेलं नसतं, तो मात्र आपल्यावाचून लग्न अडलंय अशा थाटात निघतो. जेवणाला नावं ठेवतो, व्यवस्थेला नावं ठेवतो, मुहूर्ताच्या वेळी नेमका भलतीकडं असतो आणि घरी आल्यावर कार्य कसं झालं ते सगळ्यात जास्त तोच सांगतो. नवरदेव कसा होता विचारलं तर म्हणतो, गर्दी फार होती.

उझबेकिस्तानच्या सामन्याला आम्ही वेळेवर निघालो. पण दाजींनी या वेळी रस्त्यातच फेटा सोडून हातात धरला. दारावर खोळंबा नको, आत गेल्यावर बांधू. आत जिन्यात बांधायला घेतला. एक टोक दाजींच्या हातात, दुसरं माझ्या, मध्ये पन्नासेक माणसं वर चाललेली. फेटा ओलांडता ओलांडता एक पोरगं अडकलं, त्याची आई अडकली, आणि वरून तो ओळखीचा चिरका आवाज आला. चौथं मिनिट. अजून आम्हाला गवतसुद्धा दिसलं नव्हतं.

दुसरा गोल मी बघणारच होतो. डोळे मैदानावर, हात मांडीवर. पण तेवढ्यात ब्लू पिल्ग्रिम्सनी व्हायकिंग टाळी सुरू केली. दोन्ही हात डोक्यावर, एक टाळी, थांबायचं, ‘हू!’, मग दुसरी टाळी, वेग हळूहळू वाढवायचा. दाजींचे हात आयुष्यभर आरतीला वाजलेले, त्यांना थांबणं ठाऊक नाही. त्यांनी सुरुवातच ‘सुखकर्ता’च्या वेगानं केली. आमची ओळ बिघडली, मग खालची बिघडली, ढोलवाला वळून बघायला लागला. मागच्या रांगेतून कुणीतरी फेटा काढायला सांगत होतं, समोरचं काही दिसत नाही म्हणून. मी माफी मागायला मागं वळलो. १८ वं मिनिट. त्या माणसालाही गोल दिसला नाही, माझ्यामुळं, आणि हे त्यानं मला मल्याळममध्ये सविस्तर सांगितलं.

तिसऱ्याची कथा लहान आहे. मध्यंतरात रांग असते हा धडा मी शिकलो होतो. म्हणून मध्यंतर व्हायच्या जरा आधीच उठलो. पहिल्या अर्ध्यातल्या जादा वेळेच्या चौथ्या मिनिटाला नसरुल्लाएवनं गोल केला. मी रांगेत पहिला होतो.

म्हणजे दोन सामन्यांत पाच गोल झाले, पाचही आपल्यावर, आणि एवढे रियाल मोजून गेलेल्या माझ्या नजरेला त्यातला एकही पडला नाही. दाजींनी जिन्यातला तेवढा सोडून चारही पाहिले. कारण जागा सोडली तर दुसरा बसेल, ही त्यांची एसटीतली सवय.

परत येताना दोह्याच्या विमानतळावर दिव्याखाली बसलेलं ते प्रचंड पिवळं अस्वल दिसलं, प्रवासी ज्याच्यासमोर फोटो काढतात. आम्हीही काढला. गावात सगळ्यात जास्त पाहिला गेलेला आमचा फोटो तोच. स्टेडियमवरचे सगळे फोटो दाजींनी काढले होते आणि त्यात डाव्या कोपऱ्यात त्यांचं बोट आहे.

सारोळ्यात आल्यावर टपरीवर गर्दी. खजूर वाटले. सोनं मागणाऱ्यालाही खजूरच दिले. मग मंडळी म्हणाली, सांगा आता, प्रत्यक्ष बघून आलात. मी घसा साफ केला.

“उझबेकांचा पहिला गोल म्हणजे काय सांगू! चेंडू आला, त्यानं असा पाय फिरवला...”

“काका,” सातवीतलं एक पोरगं म्हणालं, “तो डोक्यानं मारला.”

“हां, म्हणजे आधी पाय फिरवला.”

“नाही काका. आम्ही तीनदा बघितलं, स्लो मोशनमध्ये.”

“आणि आम्ही टीव्हीवर दिसलो की नाही?” मी विषय बदलला.

“एकदा दोन फेटे दिसले,” टपरीवाला म्हणाला, “पण तोंडं मागं होती.”

२३ जानेवारीला शेवटचा सामना, सीरियाशी, अल खोरच्या अल बैत स्टेडियमवर. बाहेरून तंबूच्या आकाराचं ते स्टेडियम, २०२२ च्या वर्ल्ड कपचा पहिला सामना तिथंच झाला होता. मी तो टपरीवर बघितला. बाकावर पाय घेऊन, चहा हातात, गरम. दाजी पूल ओलांडून मुद्दाम आले होते. पाऊण तास उलटून गेला, ०-० चालू. या वेळी जागचं हलायचं नाही, एक तरी गोल डोळ्यांनी बघायचा, भले आपल्यावर का होईना, असं मी ठरवलं होतं. तेवढ्यात फोन वाजला. भाचा. स्टेडियमवरून.

“मामा, आवाज कसला झाला? मी चहाच्या रांगेत आहे.”

“काही नाही झालं अजून,” मी म्हणालो. आणि मग झालं. ७६ वं मिनिट, ओमर ख्रिबिन. मी फोनच्या पडद्यावर भाच्याचं नाव बघत होतो, कारण त्याच फोनवर सामना चालू होता.

भारतानं तीन सामन्यांत सहा गोल खाल्ले, एकही मारला नाही, आणि फेब्रुवारीत क्रमवारीत १०२ वरून ११७ वर आला. गावाचा निष्कर्ष असा निघाला की आम्ही गेलो नसतो तर निदान शंभराच्या आसपास राहिलो असतो. दाजी तेवढे खचले नाहीत. २०२७ चा आशिया चषक सौदी अरेबियात आहे हे कळल्यावर त्यांनी माझ्यासोबत भिशी सुरू केली. मग ऑक्टोबर २०२५ मध्ये भारत मडगावला सिंगापूरकडून १-२ हरला आणि त्या स्पर्धेसाठी पात्रच ठरला नाही. भिशीचे पैसे वाचले. ह्याचा आनंद झाला तर समजावं की आपण अजून नुसते प्रेक्षक आहोत. दाजी दोन दिवस जेवले नाहीत.

तेव्हा वाचकहो, तुमच्यावरही कधी अशी वेळ आली तर अवश्य जा, बहिणीच्या यजमानांना सोबत न्या, तिळगूळ भरपूर ठेवा. फक्त चहा प्यायचा असेल तर राष्ट्रगीताच्या आधी पिऊन घ्या, आणि ऑफसाइड घरून शिकून या.